नोकरी बदलून पगार वाढवताना

एकाच संस्थेत टिकून राहणाऱ्याची वार्षिक वाढ त्याच्या जुन्याच पगारावर मोजली जाते, तर बाहेरून येणाऱ्याला बाजारातील चालू दर द्यावा लागतो. नोकरी बदलल्यावर मोठी वाढ मिळते ती याच तफावतीमुळे. १०० रुपयांवर दरवर्षी ६ टक्के वाढ मिळाल्यास ४ वर्षांनी सुमारे १२६ होतात. त्यांपैकी एका वर्षी नोकरी बदलून २५ टक्के वाढ मिळवली, तर हाच आकडा जवळपास १४९ वर जातो आणि पुढील सर्व वाढी त्यावरच मोजल्या जातात.

बदल केव्हा करावा हे मात्र महिने मोजून ठरवू नये. हाती घेतलेले एखादे काम पूर्ण करून, आपल्या निर्णयांचे बरेवाईट परिणाम स्वतः निस्तरण्याइतका काळ त्या जागी काढलेला असावा, कारण अनुभवी मुलाखतकार नेमके त्याविषयीच खोदून विचारतो. लागोपाठ दोन नोकऱ्या वर्षाच्या आत सुटल्या असतील, तर पुढची जागा थोड्या कमी वाढीची असली तरी चालेल, पण टिकण्याजोगी निवडावी. ती जागा रिकामी का झाली, हेही निःसंकोच विचारावे. उत्तर देताना झालेली चुळबुळ पुष्कळ काही सांगून जाते.

ऑफरमधील एकूण आकड्यावर भाळू नये. दरमहा निश्चित मिळणारे वेतन आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम वेगळी मांडावी. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो आणि ठरलेल्या मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास बहुधा परत करावा लागतो. पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर्स अनेक ठिकाणी ४ वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात व पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी काहीच मिळत नाही. वारंवार नोकरी बदलणाऱ्याने ते हिशेबात जवळजवळ शून्यच धरावेत. जुन्या ठिकाणी बुडणारा बोनसही वजा करावा.

अपेक्षित पगार सांगताना सध्याच्या पगाराऐवजी नव्या जबाबदारीचा आधार घ्यावा. लेखी ऑफर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. राजीनाम्यानंतर जुन्या संस्थेने पगार वाढवून देऊ केला, तर कामाचे स्वरूपही बदलत असेल तरच थांबण्याचा विचार करावा. नोटीस पीरियडमध्ये कामाचे हस्तांतरण लेखी करावे, कारण पुढील प्रत्येक बदलाच्या वेळी चौकशीचा फोन जुन्या संस्थेतील याच लोकांना जातो.