टाकी गळायच्या आधी ठरवा: ब्रिस्बेनमधल्या गरम पाण्याविषयी

ब्रिस्बेनला उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक मराठी घरात एक प्रश्न ठरलेला: "गीझरचं बटण कुठंय?" माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बाथरूमबाहेरची सगळी बटणं दाबून पाहिली. एक्झॉस्ट फॅन तेवढा लागला.

बटण आहे, पण ते बाहेरच्या भिंतीवर मीटर बॉक्समध्ये, आणि ते रोज चालू-बंद करायचं नसतं. घराच्या कडेला, बहुतेक कपडे वाळत घालायच्या जागेजवळ, माणसाएवढं उंच पांढरट पिंप उभं असतं. तोच तुमचा गीझर. आपल्याकडच्या पंधरा लिटरच्या जागी त्यात २५० किंवा ३१५ लिटर पाणी असतं आणि ते चोवीस तास तापलेलं ठेवतात. कमीत कमी ६० अंशांवर, कारण त्याखाली कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात. म्हणून "वीज वाचवू" म्हणत टाकीचा थर्मोस्टॅट ४५ वर आणायचा उद्योग करू नका. एका हुशार मित्राने केला होता. प्लंबरने त्याची चांगलीच शाळा घेतली.

मग बाथरूममध्ये पाणी इतकं गरम का येत नाही? टाकीच्या पाइपवर टेम्परिंग व्हॉल्व्ह म्हणून एक लहानसा पितळी तुकडा असतो. तो थंड पाणी मिसळून बाथरूमकडे जाणारं पाणी ५० अंशांच्या आत ठेवतो. हा नियम पोरंबाळं भाजू नयेत म्हणून आहे. सगळ्या शॉवरना एकाएकी कोमटच पाणी येऊ लागलं, तर टाकी बिघडली असं धरून चालू नका. पुष्कळदा हा व्हॉल्व्हच थकलेला असतो.

आता विजेचं. इथे टाकीला बहुधा वेगळं मीटर आणि स्वस्त दर असतो. बिलावर टॅरिफ (दराचा प्रकार) ३१ असेल तर टाकीला दिवसातून निदान आठ तास वीज मिळते, तीही बहुधा रात्री. टॅरिफ ३३ असेल तर निदान अठरा तास. हा फरक मला कळला तो पहिल्या हिवाळ्यात, घरात सात पाहुणे असताना. सहा जणांच्या आंघोळी झाल्या, सातव्याच्या डोक्यावर गार पाणी. रात्री दहाच्या पुढे वीज येईपर्यंत टाकी तशीच. तेव्हा बिल आलं की आधी ही ओळ शोधा. पाहुणे यायच्या आधी तर नक्कीच.

भाड्याच्या घरात असाल तर टाकी बदलणं तुमच्या हातात नाही, पण तुमचे हक्क माहीत असू द्या. गरम पाणी बंद पडणं क्वीन्सलँडच्या, म्हणजे आपल्या राज्याच्या, भाडे कायद्यात तातडीच्या दुरुस्तीत मोडतं. घरमालकाच्या एजंटला लगेच फोन करा आणि ईमेलही टाका. कोणीच दाद दिली नाही तर करारात दिलेल्या दुरुस्तीवाल्याला बोलवा. तोही मिळाला नाही, तर चार आठवड्यांच्या भाड्याइतक्या खर्चापर्यंत दुरुस्ती तुम्ही स्वतः करून घेऊ शकता. पावती जपून ठेवा. आमच्या ओळखीतलं एक जोडपं "एजंट रागावेल" म्हणून नऊ दिवस किटलीत पाणी तापवत होतं! रेसिडेन्शियल टेनन्सीज ऑथॉरिटीला (भाड्याच्या घरांचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेला) फोन केला असता तर एका दिवसात काम झालं असतं. फ्लॅटमध्ये सगळ्या इमारतीचं गरम पाणी एकत्र असेल, तर तो विषय बॉडी कॉर्पोरेटचा, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीचा. तुमच्या हाती उरतो शॉवर. मिनिटाला ९ लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं म्हणजे ७२ लिटर. आपली बादली वीस लिटरची. बादली-मग घेऊन या असं मी म्हणत नाही, पण आमच्याकडे ती अजून आहे.

स्वतःचं घर घेतलंत की मात्र पहिल्याच आठवड्यात एक काम करा. टाकीवरचं स्टिकर वाचा. त्यावर बनवल्याचं वर्ष असतं. इथली टाकी साधारण दहा-बारा वर्षं टिकते. वर्ष जुनं निघालं तर ती चालू आहे तोवरच पुढची कोणती घ्यायची ते ठरवून टाका.

मी नव्हतं ठरवलं. जुलैतली शनिवारची सकाळ, टाकीखालचा सिमेंटचा चौथरा ओला, आणि त्यावरून गंजाच्या रंगाचा एक ओघळ थेट गवतापर्यंत गेलेला. घरात दोन लहान मुलं, दोघं सर्दीने बेजार. प्लंबर म्हणाला, "आजच हवी असेल तर व्हॅनमध्ये हीच आहे. दुसरी हवी तर पुढचा आठवडा." तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला खोली विचारायची सोय नसते. मी हो म्हटलं आणि तीच जुन्या पद्धतीची टाकी पुढची दहा वर्षं सांभाळली.

त्यात नुकसान काय ते आकड्यांत सांगते. चौघांच्या घरात रोज २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायचं तर ९ युनिटच्या थोडी वर उष्णता लागते. जुन्या टाकीतला साधा एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कॉइल) तितकीच वीज खातो, वर टाकीतून झिरपणारी उष्णता वेगळी. हीट पंप तेच काम साधारण ३ युनिटमध्ये करतो. वर्षाला दोन हजार युनिटच्या वर फरक पडतो. इथल्या घरांच्या एकूण ऊर्जेतला जवळपास पाव हिस्सा पाणी तापवण्यात जातो, तेव्हा दिवे बंद करत फिरण्यापेक्षा लक्ष इकडे द्यावं.

हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागे फेकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीत घालतो. वीज फक्त ओढायच्या कामाला लागते, म्हणून एका युनिटमध्ये तीन-चार युनिटांची उष्णता मिळते. ब्रिस्बेनची हवा त्याला मानवते. आपल्या हिवाळ्यातली दुपारही वीस अंशांच्या आसपास असते. पण तो सावकाश तापवतो, गार टाकी पूर्ण व्हायला चार-पाच तास सहज लागतात. म्हणून टाकी थोडी मोठीच घ्या. आणि त्याला आवाज आहे, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा. शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली बसवलात तर वैर विकत घेतलंत. बंद गॅरेजमध्ये कोंडू नका, त्याला मोकळी हवा लागते. खालून थेंब थेंब पाणी पडतं ते दवाचं, गळतीचं नव्हे, पण त्याला वाट करून द्यावी लागते.

आता या गावात राहून जे मला उशिरा उमगलं ते. इथे रात्रीची स्वस्त वीज हा जुन्या जमान्याचा हिशेब आहे. छपरावर सोलर पॅनल असतील तर सर्वांत स्वस्त वीज दुपारी, तुमच्याच डोक्यावर तयार होते. ती ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) विकलीत तर आता युनिटला काही सेंट हातात पडतात. शेजारचा एखादा म्हातारा "मला ४४ सेंट मिळतात" म्हणेल. खरं आहे त्याचं, पण ती २००८ साली सुरू झालेली जुनी योजना, नव्यांना बंद, आणि २०२८ मध्ये त्याचीही संपणार. तेव्हा विकण्यापेक्षा पाण्यात साठवा. गरम पाण्याची टाकी ही तुमच्या घरातली आधीच विकत घेतलेली बॅटरी आहे.

म्हणून पॅनल आहेत आणि टाकी अजून ठणठणीत आहे, अशा घरांना मी नवीन काहीच घेऊ नका म्हणते. इलेक्ट्रिशियनला बोलवून टाकी स्वस्त दराच्या मीटरवरून घराच्या मुख्य मीटरवर घ्या आणि टायमर लावा. ६.६ किलोवॅटच्या पॅनलवर ३.६ किलोवॅटचा एलिमेंट सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये बहुतेक दिवशी आपलं काम उरकतो. मी हेच केलं आणि पहिल्या तिमाहीच्या बिलात फरक दिसला. फेब्रुवारीत आठवडाभर पाऊस लागला की ग्रिडची महाग वीज लागते, तेवढं गृहीत धरा. दोन वर्षांपूर्वी ती टाकी गेली तेव्हा मात्र हीट पंप कोणता घ्यायचा ते कपाटाच्या दारावर चिकटवलेलं होतं. आता तोही दुपारीच चालतो, म्हणजे हवा ऊबदार, वीज घरची, आणि शेजारी कामावर.

राहिला छपरावरचा सोलर वॉटर हीटर, आपल्याला पुण्या-कोल्हापुरातल्या गच्च्यांवरून ओळखीचा. ऑस्ट्रेलियात या विषयावर १९५० च्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रॉजर मोर्स यांनी पायाभूत काम केलं. टाकी पॅनलच्या वर असेल तर तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, पंपाची गरज नाही, बिघडायला काही नाही. तरी मी नव्या घराला तो फारसा सुचवत नाही, कारण तीच जागा वीज करणाऱ्या पॅनलला दिली तर पाण्यासकट बाकीचंही भागतं. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे पॅनलचं तोंड उत्तरेला हवं. आपली सगळी अंदाजाची सवय उलटी करावी लागते. ३०० लिटर म्हणजे पाण्याचंच वजन ३०० किलो, तेव्हा छप्पर आधी तपासून घ्या. आणि टुवूम्बा किंवा स्टॅनथॉर्पकडे राहणार असाल तर तिथे दहिवर गोठतं, पॅनलमधलं पाणी गोठून नळ्या फुटू नयेत अशी रचना मागा. हो, त्याचा विजेचा बूस्टर चोवीस तास चालू ठेवू नका. पहाटे विजेने टाकी भरून ठेवली तर दिवसभर सूर्याने करायचं काय?

पैशांकडे येऊ. हीट पंप आणि सोलर हीटर, दोघांवरही केंद्र सरकारच्या योजनेत एसटीसी नावाची प्रमाणपत्रं मिळतात. एकाची किंमत फार तर ४० डॉलरपर्यंत. ती बसवणाऱ्याच्या नावे करून दिलीत की तो बिलातूनच सूट देतो. ही योजना २०३० अखेरपर्यंत आहे आणि दर वर्षी मिळणारी प्रमाणपत्रं कमी होत जातात. मॉडेल ही योजना चालवणाऱ्या क्लीन एनर्जी रेग्युलेटरच्या यादीत आहे ना ते बघा. ४२५ लिटरहून मोठा हीट पंप त्यात बसत नाही. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये राज्याची वेगळी सूट असते, म्हणून तिकडच्या मित्राने सांगितलेला किरकोळ आकडा इथे लावू नका. मला आलेले कोट (खर्चाचे अंदाज) सूट वजा जाता अडीच ते साडेचार हजार डॉलरच्या दरम्यान होते, आणि सर्वांत स्वस्त कोटमध्ये जुनी टाकी उचलून नेणं धरलेलंच नव्हतं.

दारावर येणाऱ्यांपासून सावध. टॅब्लेट घेऊन आलेला गोड बोलणारा मुलगा "सरकारी योजना, आज सही केली तरच" म्हणाला की पाणी प्यायला द्या आणि निरोप द्या. घाईत सही झालीच असेल तर घाबरू नका: दारावर किंवा फोनवर न बोलावता आलेल्याशी केलेला करार कामकाजाच्या दहा दिवसांत रद्द करता येतो.

आणि "माझा एक ओळखीचा करतो सगळं" हा आपला मराठी तोडगा इथे चालत नाही. पाइपचं काम लायसन्सवाल्या प्लंबरने, वायरचं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं. दोघांचेही नंबर ऑनलाइन पडताळता येतात. काम झाल्यावर प्लंबरकडून फॉर्म ४ (झालेल्या कामाची सरकारी नोंद) ची प्रत आणि इलेक्ट्रिशियनकडून टेस्टिंगचं सर्टिफिकेट मागून घ्या.

नव्या टाकीला दोन गोष्टी लागतात, त्या इथले जुने लोकही विसरतात. वरच्या बाजूला एक तरफेचा व्हॉल्व्ह असतो, सहा महिन्यांतून एकदा ती तरफ हळूच उचलून सोडायची. पाणी कढत असतं, हात लांब ठेवा. पाणी तापताना त्यातून थोडं ठिबकतं, ते योग्यच आहे. सतत धार लागली तर प्लंबर. दुसरं म्हणजे आतली अॅनोड दांडी, जी टाकीऐवजी स्वतः गंजत जाते. साधारण पाच वर्षांनी ती बदलून घ्या. मी माझी जुनी दांडी पाहिली होती: आत अंगठ्याएवढी जाड गेली असेल, बाहेर आली ती नुसती तार, तिला पांढऱ्या चुन्याचे गोळे लटकलेले. प्लंबर म्हणाला, "अजून वर्षभर थांबला असतात तर टाकीच निघाली असती." स्टिकरशेजारी मार्करने बदलल्याची तारीख लिहून ठेवा.