फ्लाईट एअरलाईन कंपनीने कॅन्सल केली तर तुम्ही कॅन्सल दाबू नका

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माझ्या भाचीची बेंगळुरू-मोपा (गोवा) फ्लाईट कॅन्सल झाली. फ्लाईट सकाळी ९ ची आणि मेसेज आला रात्री ११ ला. इकडे घरात गणपतीवरची माटोळी (फळा-भाज्यांचं छत) बांधायची तयारी चाललेली, तिकडे ती एकटी रूमवर रडकुंडीला आलेली, आणि त्या घाईत तिने अ‍ॅप उघडून आपणच कॅन्सल दाबलं आणि दुसऱ्या कंपनीचं तिप्पट दराचं तिकीट काढलं. अ‍ॅपने काय केलं, तर प्रवाशाने स्वतःहून कॅन्सल केलं असं धरून चार्ज कापला आणि साडेतीन हजारातले सहाशे परत पाठवले. एअरलाईनच्या मेसेजचा स्क्रीनशॉट होता म्हणून वाचलो, त्यावरची वेळ आणि तिने कॅन्सल केल्याची वेळ दोन्ही दाखवून मेल केले तेव्हा तीन आठवड्यांनी पूर्ण पैसे आले. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढूया.

तर मेसेज आला की पहिलं काम स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. मग कंपनीच्या वेबसाईटवर पीएनआर टाकून बघा, तिथे बहुतेक दोन पर्याय येतात, दुसरी फ्लाईट किंवा रिफंड. तिथूनच निवडायचं, नेहमीच्या कॅन्सल बटणावरून अजिबात नाही. पर्याय दिसतच नसेल तर हेल्पलाईनला फोन करा आणि लगेच मेलही टाका, 'फ्लाईट तुम्ही रद्द केली, मला पूर्ण रिफंड हवा', कारण फोनवर बोललेलं नंतर कोणी मान्य करत नाही.

हे काही कंपनी उपकार म्हणून देत नाही. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचे नियम आहेत, सीएआर (नियमावली) सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ हा कॅन्सल आणि लेट फ्लाईटसाठी आणि पार्ट २ रिफंडसाठी, मेलमध्ये हे नाव लिहाच, समोरच्याला कळतं की याला माहीत आहे. नियम असा की फ्लाईट रद्द झाली तर दुसरी फ्लाईट किंवा रिफंड, यातलं जे प्रवाशाला चालेल ते. तिकीट सेलमधलं आहे, नॉन-रिफंडेबल आहे, ही कारणं इथे चालत नाहीत, ती तुम्ही स्वतः रद्द केलं तर. आणि तेव्हासुद्धा यूडीएफ (विमानतळाची फी) आणि सरकारी टॅक्स परत मिळतात हे कित्येकांना ठाऊकच नाही, फ्लाईट चुकली तरी मागा.

दुसरी फ्लाईट घेताना आपल्या गोव्यात एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडे दोन विमानतळ. मोपाचं तिकीट असताना दाबोळीची फ्लाईट देऊ केली आणि तुम्ही पेडण्याचे असलात, तर रात्री तिथून घरी यायला टॅक्सीला किती जातील ते तुम्हीच जाणता. नको असेल तर नको म्हणा आणि मोपाचीच मागा, नाहीतर रिफंड घ्या.

आता भरपाई, म्हणजे रिफंडच्या वरचे पैसे. फ्लाईटच्या २४ तास आधीपर्यंत तुम्हाला कळवलंच नसेल तर ही मिळते. १ तासापर्यंतच्या फ्लाईटला ५,००० रुपये, १ ते २ तासांच्या फ्लाईटला ७,५००, त्यावर १०,०००. म्हणजे गोवा-मुंबई मधल्या गटात आणि गोवा-दिल्ली वरच्या. पण यात मेख आहे, ही रक्कम किंवा एका बाजूचं बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. त्यामुळे १,८०० चं बेसिक भाडं असेल तर साडेसात हजारांची आशा धरू नका. धुकं, वादळ, संप, एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण), सुरक्षा असल्या कारणांना भरपाई नाही, पण रिफंड किंवा दुसरी फ्लाईट तेव्हाही द्यावीच लागते, काउंटरवर या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात. 'हवामान आहे, काही मिळणार नाही' हे वाक्य ऐकून परत फिरू नका.

तुमचा फोन नंबर बुकिंगमध्ये नसेल तरी भरपाई जाते. म्हापशा-फोंड्याला एजंटकडून तिकीट काढतो तेव्हा बऱ्याच वेळा त्याचाच नंबर घातलेला असतो, मेसेज त्याला जातो, तो झोपलेला असतो आणि आपण बॅगा घेऊन विमानतळावर. तिकीट हातात आलं की आधी नंबर आणि मेल तपासा. आणि एजंट 'कंपनीकडून आले नाहीत' म्हणत राहिला तरी नियमाप्रमाणे रिफंडची जबाबदारी एअरलाईनचीच, तेव्हा मेल दोघांनाही करा. क्रेडिट कार्डने थेट काढलं असेल तर ७ दिवसांत पैसे कार्डावर यायला पाहिजेत.

व्हाउचर किंवा क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेले पैसे) शक्यतो घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हे ठरवायचा हक्क प्रवाशाचा, कंपनीने आपणहून तिथे टाकायचे नाहीत. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या एअरलाईनने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमानं एका फटक्यात बंद झाली, जानेवारी २०२५ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून बंद करायला) काढायचा आदेश झाला. अशा वेळी व्हाउचर म्हणजे नुसता नंबर उरतो. कार्डने भरलेले असतील तर बँकेकडे चार्जबॅक (कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत) तरी मागता येतो, आणि तो लवकर मागायचा, त्याला मुदत असते.

ज्यांची माणसं स्विंडन-लंडनला आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवा, यूकेमधून सुटणाऱ्या फ्लाईटला, कंपनी कुठलीही असो, तिकडचा कायदा लागतो. १४ दिवसांपेक्षा कमी आधी कळवून रद्द केली आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर गोव्याएवढ्या अंतराला ५२० पाउंडपर्यंत भरपाई असते, ती तिकीट स्वस्त म्हणून कमी होत नाही. इथून परत जाताना मात्र कंपनी यूकेची किंवा युरोपची असेल तरच. आणि गोवा-मुंबई एक तिकीट, पुढचं वेगळं तिकीट असं स्वतः जोडलं असेल तर पहिली रद्द झाल्यामुळे चुकलेल्या दुसऱ्याचे पैसे सहसा कोणी देत नाही, तेव्हा लांबचा प्रवास एकाच पीएनआरवर काढा, थोडे जास्त गेले तरी चालेल.

मेल करूनही उत्तर नाही आलं तर कंपनीच्या वेबसाईटवर नोडल ऑफिसरचा (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा) पत्ता असतो, त्याला लिहा, सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. ग्राहक हेल्पलाईन १९१५ पण आहे. तरीही नाही तर ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी, ५ लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाईन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर भरता येते. मुदत २ वर्षांची, तोवर तो पहिला स्क्रीनशॉट फोनमधून डिलीट करू नका, मेलवर स्वतःला पाठवून ठेवा.