आजी-आजोबा, पोरं आणि भाड्याची शिडाची बोट : ग्रीसला निघण्याआधी

आठवडाभरासाठी यॉट घ्यायची ठरली की घरात पहिली चर्चा बोटीच्या फोटोंवर होते आणि दुसरी बॅगांवर. दोन्ही बाजूला ठेवा. आधी एक कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी: पोहता येतं का, बोट लागते का, गुडघे कसे आहेत. समुद्र कुठला, बोट कोणती, दिवसाला किती अंतर, हे सगळं या तीन रकान्यांवरून ठरतं. ज्याचं पोट सगळ्यात नाजूक, त्याच्या बेताने मार्ग आखायचा. घरातल्या सगळ्यात उत्साही माणसाच्या बेताने आखला की दुसऱ्याच दिवशी निम्मं कुटुंब हॉटेलची चौकशी करायला लागतं.

बोट लागते की नाही, हे तपासायला परदेशी जायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा वारा सुटल्यावर गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा आणि परत या. नाहीतर गेटवेसमोर शिडाची बोट तासांच्या हिशेबाने मिळते, ती घ्या. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, म्हणून मे संपायच्या आत उरका. लाँचवर जो मोबाइल बघत बसतो तो आधी हिरवा-पिवळा पडतो आणि जो लांब क्षितिजाकडे बघतो तो टिकतो, हेही पोरांना तिथेच कळू द्या. सांगून ते ऐकत नाहीत.

आता समुद्र. ग्रीस म्हटलं की सँटोरिनी-मिकोनोस डोळ्यांपुढे येतं, पण ती बेटं एजियन समुद्रात आहेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस जोरात वाहतो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये. पश्चिमेचा आयोनियन समुद्र घ्या. तिथला उन्हाळी वारा, माइस्त्रो, साधारण दुपारी सुटतो आणि संध्याकाळी पडतो. म्हणजे सकाळी शांत पाण्यात पोहायचं, दुपारी शीड, संध्याकाळी धक्का. लेफ्कादा बेटावरून निघालात तर मेगानिसी, इथाका, केफलोनियाचं फिस्कार्दो, कालामोस हे सगळं जवळजवळ आहे. दिवसाला दहा-पंधरा सागरी मैल पुरतात. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा आणि बोटीचा वेग पाच-सहा नॉट, म्हणजे तासाला तेवढेच सागरी मैल, तेव्हा दोन-तीन तासांचा प्रवास. पोरांचा आणि आजींचा धीर साधारण तेवढाच चालतो.

लेफ्कादाची आणखी एक सोय अशी की बेट असूनही ते पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना फेरीत चढवा-उतरवायला नको. जवळचा विमानतळ प्रेवेझाजवळचा अक्तिओ, टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आसपास. अथेन्सहून रस्त्याने गेलात तर पाच तास धरा.

महाराष्ट्रातल्या शाळांचं वेळापत्रक इथे आपल्या बाजूचं आहे. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा तिथला मोसमाचा सुरुवातीचा काळ. पाणी थोडं गार, पण भाडं जुलै-ऑगस्टपेक्षा बरंच कमी, धक्क्यावर जागा मिळते आणि ऑगस्टातल्या गांधीलमाश्या अजून ताटाभोवती फिरायला लागलेल्या नसतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार करू नका. शरद ऋतूत तिथे वादळं येतात. सप्टेंबर 2020 मधल्या इयानोस वादळाने याच बेटांना झोडपलं होतं.

तारखा ठरल्या की बोट. सहसा ती शनिवार ते शनिवार मिळते. स्वतः चालवायची तर ग्रीसमध्ये मान्यताप्राप्त परवाना लागतो आणि बोटीची जाण असलेला दुसरा माणूसही. आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन्ही नसतं, तेव्हा स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, भाड्याने घ्या. दिवसाला दोनशे युरोंच्या मागेपुढे खर्च येतो आणि तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. मात्र स्किपर हा माणूस आहे, त्याला झोपायला जागा लागते आणि त्याचं जेवणही आपल्याकडे. आठ जणांची बोट सात जणांत घेतली, म्हणजे ती भरली. आजोबांचे गुडघे तिसऱ्या रकान्यात लाल शाईने लिहिले असतील तर कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, घ्या. ती महाग असते, पण एका अंगावर कलत नाही आणि बसायची जागा व स्वयंपाकघर एकाच पातळीवर असतं. एकेरी बोटीत आत उतरायला जवळजवळ उभी शिडी असते आणि वारा भरला की अख्खं घर तिरकं होतं. पोरांना ते फार आवडतं, आजींना नाही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण लांबवू नका. ग्रीसला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मे महिन्याच्या अपॉइंटमेंटा फार आधी संपतात. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, सहाच्या आतल्यांना माफ. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार जोडायचा असतो, त्यावर सगळ्यांची नावं पासपोर्टाप्रमाणे हवीत. बोटीच्या प्रवासी यादीतही तेच स्पेलिंग जातं. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि पॉलिसीच्या बारीक अक्षरात शिडाची बोट वगळलेली नाही ना, ते बघून घ्या. बोटीची अनामत रक्कम बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ती काही हजार युरोंची असू शकते. कार्डाची परदेशी वापराची मर्यादा घरूनच वाढवून घ्या. शनिवारी संध्याकाळी बोटीसमोर उभं राहून बँकेच्या ग्राहक सेवेचं संगीत ऐकण्यात काही मजा नाही.

करार करतानाच लहान मुलांची वजनं लिहून पाठवा, वयं नव्हेत. लाइफ जॅकेट वजनावर ठरतं. बोटीवर मोठ्यांची जॅकेटं असतात, मुलांची मागितल्याशिवाय असतीलच असं नाही. हाती आलं की घालून बघा: दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. अगदी लहान मूल असेल तर डेकच्या कडेच्या तारांना जाळी बांधून मिळते का, हेही तेव्हाच विचारा.

औषधांमध्ये बोट लागण्यावरच्या गोळ्या इथूनच न्या. आपल्याकडे स्टुजेरॉन आणि अ‍ॅव्होमाइन लोकांच्या परिचयाच्या आहेत. दोन्हींनी झोप येते, दुसरीने जास्त. त्या निघण्याआधी घ्यायच्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतेच कुठे? काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा कंपवात असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये. मुलांचा डोसही डॉक्टरांकडूनच. आलेपाकाच्या वड्या मात्र बहुतेकांना चालतात आणि त्या सगळ्यात आधी संपतात. इन्सुलिन असेल तर बोटीचा फ्रिज वरून उघडणारा असतो आणि तळाशी बर्फासारखा गार पडतो, म्हणून ते वरच्या टोपलीत ठेवायचं. आजोबांचं रात्रीचं श्वासाचं यंत्र असेल तर आधी कळवा: 220 व्होल्टची वीज सहसा धक्क्यावर जोडल्यावरच मिळते, एरवी सगळा कारभार 12 व्होल्टच्या बॅटरीवर. मोबाइलसाठी गाडीत लावतो ते चार्जर घ्या.

बॅगा मऊ हव्यात, घडी होणाऱ्या. चाकांची कडक सूटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. कपडे जितके वाटतात त्याच्या निम्मे पुरतात. पण वाऱ्याचं जर्किन प्रत्येकाला हवं, जूनमध्येसुद्धा. पांढऱ्या तळव्याचे बूट, कारण काळे तळवे डेकवर डाग पाडतात. पोहायला रबरी बूट, कारण खडकांवर समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडून बसले की सुट्टीचे दोन दिवस गेले. टोपीला नाडी. आणि कपड्यांचे चिमटे, भरपूर. ओले टॉवेल डेकच्या तारांवर वाळत घालायचे असतात आणि चिमटा नसलेला टॉवेल इथाकाच्या दिशेने निघून जातो.

खाण्याचा विषय आपल्याकडे मोठा, म्हणून नीट बघू. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा सगळं घरी. ताजा कढीपत्ता आणि हापूसही प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत, मे महिना असला तरी. मेतकूट, भाजणी, पोहे, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला आणि भाजलेला रवा न्या. तूप तिथे सहज मिळेलच असं नाही, पण बिनमिठाचं लोणी मिळतं. आजी पहिल्याच दिवशी कढवून घेतील. छोटा तीन लिटरचा कुकर सामानात टाका, बोटीवर सहसा नसतो. शेगडी दोन-तीन बर्नरची, एकेरी बोटीत झुलती असते आणि भांडं अडकवायला तिला चिमटे असतात. बोट चालू असताना फक्त चहा करावा. पोळ्या नांगर टाकल्यावर.

शाकाहारी लोकांची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, भात भरलेले टोमॅटो, पालकाचं सारण भरलेली पॅटिस, पिवळ्या डाळीचं फावा, वांगी, भेंडी. त्यांच्या चर्चच्या उपासाचं जेवण मागितलं, निस्तीसिमो म्हणतात, तर मांस, दूध, अंडं काही नसतं. पण थांबा: त्या उपासाला कोळंबी, कालवं आणि ऑक्टोपस चालतात. वरीचे तांदूळ कुठे चालतात आणि कुठे नाहीत यावर वाद घालणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. तेव्हा वेगळं विचारून घ्या. मेगानिसीच्या स्पार्तोखोरीखाली किंवा लेफ्कादाच्या सिवोतात खानावळींचे स्वतःचे धक्के आहेत. तिथे जेवलात तर बोट बांधायचे पैसे बहुधा घेत नाहीत.

आता संडास, ज्याबद्दल माहितीपत्रकात काही नसतं. कागद भांड्यात टाकायचा नाही, कधीच नाही, नळी बारीक असते आणि तुंबली की ती मोकळी करण्याचं काम बिचाऱ्या स्किपरकडे जातं. आपल्याला कागद तसाही नकोच असतो. बेसिनचा नळ बाहेर ओढता येतो, तोच शॉवर आणि तोच आपला जेट. तरी एक प्लॅस्टिकचा मग न्यायला लाजू नका. टाकीत पाणी असतं चारशे लिटरच्या आसपास, आठ माणसांत. धक्क्यावर ते विकत भरून मिळतं, पण रोज नाही. आंघोळ समुद्रात करायची आणि मागच्या पायरीवरच्या छोट्या शॉवरने खारट अंग धुवायचं. भांडी घासताना नळ सोडून गप्पा मारणारी व्यक्ती कुठल्याही घरात एक असतेच. तिला भांडी पुसायला लावा.

बोटीवर चढल्यावर, धक्का सोडायच्या आधी, स्किपर सुरक्षेची माहिती देतो. ती इंग्रजीत असते, भराभर असते आणि आजींना त्यातलं काही पोचत नाही. मराठीत पुन्हा एकदा सांगा. एक हात स्वतःसाठी, एक बोटीसाठी. शिडाच्या खालचा आडवा दांडा, बूम, कधीही या बाजूचा त्या बाजूला जातो, म्हणून डोकं खाली. दोर गुंडाळायच्या यंत्राजवळ बोटं न्यायची नाहीत. बोट धक्क्याला लागताना पाय मध्ये घालून ती अडवायची नाही, ती कित्येक टनांची असते. नांगर टाकताना कुणी सूचना द्यायच्या नाहीत, विशेषतः काकांनी. बोटीच्या रेडिओवर मदत मागायचं चॅनल 16 आणि आणीबाणीचा फोन 112 घरातल्या दोन मोठ्यांना तरी माहीत हवा, कारण पाण्यात पडलेला माणूस स्किपरच असू शकतो.

पहिल्या संध्याकाळी लांब जाऊ नका. बोट हातात यायला पाच वाजतात, सामान लावून किराणा भरेपर्यंत सात. धक्क्यावरच झोपा. शेवटी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बहुतेकांना बोट परत आणावी लागते. डिझेल भरून द्यायचं असतं आणि चारनंतर पंपावर बोटींची रांग लागते, म्हणून शुक्रवारचं दुपारचं जेवण लेफ्कादाच्या जवळपासच ठेवा.