काळ्या मातीच्या गावात कॅनव्हासचे स्केट बूट

स्केटबोर्डसाठी कॅनव्हासचा बूट घेताना रंगाआधी तळ पाहावा. तळाच्या कडेवर दोऱ्याची शिलाई दिसली, तर तो साच्यात वेगळा घडवून वरच्या भागाला शिवलेला असतो. शिलाई नसेल आणि रबराची सपाट पट्टी बुटाभोवती फिरून एका ठिकाणी जोडलेली दिसली, तर बूट व्हल्कनाइज्ड, म्हणजे कापड व रबर एकत्र तापवून पक्के केलेला असतो. (गंधकासह तापवलेले रबर टिकाऊ आणि लवचीक होते, हा शोध चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये लागला.) शिकणाऱ्याने हा दुसरा प्रकारच घ्यावा, कारण तो लवकर वळतो आणि पायाखालची फळी नीट जाणवते.

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १६ मार्च १९६६ रोजी पॉल व्हॅन डोरेन व त्यांच्या भागीदारांनी व्हॅन्स या बूट कंपनीचे पहिले दुकान उघडले, तेव्हा तिचे बूट स्केटबोर्डसाठी म्हणून केलेले नव्हते. त्यांचा रबरी तळ फळी धरून ठेवतो, हे तिथल्या पोरांनी ओळखले. तळावरच्या चौकटींच्या नक्षीला चवड्याखाली भेगा पडू लागल्या, म्हणून तिथे उभ्या रेघा घातल्या गेल्या. पुढे १९७६ मध्ये टोनी अल्वा व स्टेसी पेराल्टा या स्केटबोर्डपटूंच्या सहभागातून घोट्याजवळ मऊ गादी असलेला ‘इरा’ हा बूट आला, आणि १९७७ च्या ‘ओल्ड स्कूल’मध्ये जिथे झीज जास्त तिथे चामडे लागले. वापरणाऱ्याचे ऐकून घडत गेलेली ही वस्तू आहे, आणि मला तिची ओढ वाटते ती यासाठीच.

आपल्याकडे सराव होतो तो गावातल्या सिमेंट रस्त्यावर किंवा समाजमंदिरासमोरच्या फरशीवर, पण तिथवर जाताना पऱ्हाटीच्या धुऱ्यावरची काळी माती बुटांना लागतेच. ती ओली असताना पुसू नये, कारण पुसल्याने ती विणीत आणखी खोल शिरते. शेतातल्या ढेकळासारखी ती वाळून तडकू द्यावी, मग दोन्ही बूट एकमेकांवर आपटावेत आणि उरलेली माती जुन्या दातांच्या ब्रशने झाडावी. त्यानंतर नाड्या व आतले तळवे काढून गार पाण्यात थोड्या साबणाने धुवावे. साबण कापडात राहिला तर पांढरा कॅनव्हास पिवळा पडतो, म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळावे.

वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट ओसरीत सावलीला ठेवावेत. माझा पहिला जोड मी मे महिन्यात टिनावर ठेवला होता. संध्याकाळी टाचेजवळची पट्टी कापडापासून सुटलेली होती आणि रबर बोटाला कडक लागत होते.

ऑलीचा, म्हणजे हात न लावता फळीसह उडी मारण्याचा, सराव सुरू झाला, की फळीवरच्या खरखरीत कागदाने करंगळीजवळचे कापड आधी विरते. तिथले धागे पांढरट दिसू लागताच आतून जाड कापडाचा तुकडा शिवून घ्यावा. भोक पडल्यावर ठिगळाला धरायला कापडच उरत नाही.