स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू' जुन्या अल्बमांशी ताडून कसा ऐकावा

ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या, मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'द ओव्हरव्ह्यू'त दोनच रचना आहेत: 'ऑब्जेक्ट्स आउटलिव्ह अस' सुमारे २३ मिनिटांची आणि शीर्षकरचना साधारण साडेअठरा मिनिटांची. ही लांबी बघूनच 'विल्सन परत प्रोगकडे (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे) वळला' असा निकाल लावला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पहिली रचना एका जुन्या अल्बमशी ताडावी लागते, दुसरी वेगळ्याच.

आधी आवाज सारखा करून घ्या. जरा मोठ्याने वाजणारं गाणं कानाला उगाचच जास्त चांगलं वाटतं. एक-दोन डेसिबलचा फरकही त्याला पुरतो. ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा, शफल आणि इक्वलायझर बंद करा, क्रॉसफेड शून्यावर आणा; नाहीतर पहिल्या रचनेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळतो. तरीही फरक वाटला तर दोन्हीकडे गायनाचा तुकडा लावून हाताने आवाज जुळवा, ड्रमवरून जुळवू नका. एक अल्बम ॲटमॉसमध्ये (चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या डॉल्बीच्या प्रकारात) आणि दुसरा स्टिरिओत वाजत असेल तर तुम्ही रचना नव्हे, मिक्स ताडत बसाल. दोन्ही स्टिरिओतच ऐका.

जागेचाही विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना हळुवार भाग ऐकूच येत नाहीत. पंख्याची घरघरही तेच करते. पेठेत रस्त्यालगत घर असेल तर रात्री अकरानंतर, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन लावून बसा. आवाज वाढवून गोंगाटावर मात करायला जाऊ नका, त्याने कान थकतात आणि दुसरा अल्बम नाहक फिका वाटतो.

नवा अल्बम आधी दोनदा सलग ऐका, तुलना न करता. मग 'ऑब्जेक्ट्स' २०१३ च्या 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग'मधल्या बारा मिनिटांच्या 'ल्युमिनॉल'शेजारी ठेवा. 'रेव्हन'चं ध्वनिमुद्रण ॲलन पार्सन्स सांभाळत होते आणि वादक स्टुडिओत एकत्र वाजवत होते: गिटारवर गथ्री गोवन, बासवर निक बेग्ज, ड्रमवर मार्को मिनेमन. त्यामुळे 'ल्युमिनॉल'ला बास-ड्रमची झुंज पुढे ढकलते. 'ऑब्जेक्ट्स'मध्ये गिटार रँडी मॅकस्टाइनची आणि ड्रम क्रेग ब्लंडेलचे, पण रचना पुढे नेतात ते शब्द आणि एकामागून एक येणारे भाग. 'ऑब्जेक्ट्स: मीनव्हाइल' या भागाचे शब्द एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत, पृथ्वीवरच्या साध्या माणसांचे बारीकसारीक प्रसंग आणि अफाट अवकाश तिथे समोरासमोर येतात. हा भाग २०१५ च्या 'हँड. कॅनॉट. इरेज.'शी ताडा. तिथे एकाच बाईचं आयुष्य अल्बमभर उलगडतं, इथे अनेक आयुष्यं काही ओळींत आटोपतात. आमच्या मते अल्बमचा सगळ्यात कसदार भाग हाच.

ताल मोजताना गफलत होते ती ड्रमच्या मागे गेल्यामुळे. सम रिफच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेच्या) पहिल्या स्वरावर धरा आणि तोच स्वर परत येईपर्यंत हातावर मात्रा मोजा. ड्रमर मुद्दाम आवर्तन ओलांडून वाजवतो, म्हणून स्नेअरवरची (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमवरची) मोजणी हमखास चुकते. अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर घराण्याचा विलंबित ख्याल ऐकत आलेल्या कोल्हापूरकर कानाला हे जड नाही: रूपकच्या सात किंवा झपतालच्या दहा मात्रा मोजायच्या, तशाच. प्रत्येक आवर्तनाची वेळ आणि मात्रा वहीत लिहा, म्हणजे तीच धून पुढे वेगळ्या लयीत आली तर पकडता येते.

दुसरी रचना 'रेव्हन'शी ताडणं हीच नेहमीची चूक. तिची जोडी २०२३ च्या 'द हार्मनी कोडेक्स'च्या शीर्षकरचनेशी लावा. दोन्हीकडे सिंथेसायझरचे थर आणि विल्सनची पत्नी रोटेम विल्सन यांचं निवेदन आहे. 'ओव्हरव्ह्यू'च्या शीर्षकरचनेच्या सुरुवातीला हे निवेदन अवकाशातल्या वस्तूंची दहाच्या घातांकात वाढत जाणारी मापं सांगतं. बोलण्याखालचे थर कधी वाढतात, तिथे वेळ टिपा.

विल्सनच्याच पॉर्क्युपाइन ट्री या बँडचं 'ॲनेस्थेटाइझ' (२००७, पावणेअठरा मिनिटं) अगदी शेवटी ऐका. गॅव्हिन हॅरिसनचे ड्रम आणि जड गिटार एकदा कानात बसले की नंतरचं सगळं हलकं वाटू लागतं.