स्पोर्ट्स ड्रिंक की साधं पाणी? आधी वजनकाट्यावर उभे राहा

मी हौशी मंडळींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवते. नवी बॅच आली की बुटांच्या खालोखाल एक प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, त्या रंगीत बाटलीतलं अंगात जास्त मुरतं का?” मी उत्तर देत नाही, आधी घरी एक काम करायला लावते.

धावायला निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीच्या वेगाने धावा. वाटेत काही प्यायलात तर किती मिली ते लक्षात ठेवा. परत आल्यावर अंग पुसा, ओला टी-शर्ट काढा (नाहीतर त्यातला घामही काटा मोजतो) आणि पुन्हा वजन करा. समजा निघताना ६२ किलो होतं, आल्यावर ६१.२ भरलं आणि मधे ३०० मिली पाणी पोटात गेलं. म्हणजे तासाभरात साधारण १.१ लिटर घाम गेला. तुमचा आकडा अर्धा लिटर निघेल, कदाचित दीडही निघेल. उकाड्यात आणि थंडीत वेगवेगळा मोजा. शेजारच्या धावपटूचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आता स्वतःच्या वजनाचे २ टक्के काढा. घट त्यापलीकडे गेली की, विशेषतः उकाड्यात, वेग पडायला लागतो. ६२ किलोचे २ टक्के म्हणजे १.२४ किलो. म्हणजे वरच्या धावपटूने तासभर थेंबही घेतला नसता तरी तो मर्यादेतच राहिला असता. तासाभराच्या व्यायामाला तहान लागेल तेवढं साधं पाणी, एवढंच. अर्धा तास ट्रेडमिलवर चालून अर्धा लिटरची गोड बाटली रिचवणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: त्यातली तीसेक ग्रॅम साखर कुठे खर्च करणार आहात?

जाहिरातवाले खोटं बोलतात असंही नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबातली ओआरएस याच तत्त्वावर चालते. पण निरोगी आतडं साधं पाणीही पुरेशा वेगाने शोषतं. खरा प्रश्न ते अंगात किती टिकतं हा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ पुरुषांना आरामात बसवून वेगवेगळी पेयं एकेक लिटर पाजली आणि पुढचे काही तास त्यांची लघवी मोजली. दूध आणि ओआरएस पाण्यापेक्षा जास्त टिकले. स्पोर्ट्स ड्रिंक? जवळपास पाण्याइतकंच. कारण त्यात मीठ फार नसतं. ओआरएसच्या एका लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं, तर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास.

मग त्या बाटलीचा उपयोग काय? इंधन! १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी गेटोरेड बनवलं ते उकाड्यात तासन्‌तास घाम गाळणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी. दीड-दोन तास जोर लावला की स्नायूंतला साखरेचा साठा आटायला लागतो, आणि तिथे ही बाटली खरंच कामाला येते. आपलाच धावपटू दोन तास धावला तर २.२ लिटर घाम जाईल, घट १.२४ किलोच्या आत ठेवायची तर त्याला वाटेत साधारण एक लिटर प्यावं लागेल, म्हणजे तासाला अर्धा लिटर. ६ टक्के साखरेच्या पेयातून त्याला तासाला ३० ग्रॅम साखर मिळते, आणि लांब पल्ल्याला तासाला ३० ते ६० ग्रॅमच लागते. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. एकदम गटागटा नको.

लेबलवर १०० मिलीमागे ६ ते ८ ग्रॅम साखर बघा. फळांचा रस आणि कोला त्याहून दाट असतात; ते पोटातून सावकाश पुढे सरकतात आणि धावताना पोट डचमळतं. एनर्जी जेल (पाकिटातला साखरेचा दाट गर) घेणार असाल तर सोबत साधं पाणी घ्या, स्पोर्ट्स ड्रिंक नको. आणि कोणतंही नवं पेय शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तोंडाला लावू नका. सरावात लावा, पोट काय म्हणतं ते कळेल.

एका गोष्टीवर मात्र मी ओरडते. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि हे धोक्याचं आहे: रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, टोकाला गेलं तर झटके येतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना धोका जास्त होता. पाणी प्यायलं की स्पोर्ट्स ड्रिंक, यावर तो ठरला नाही. स्पोर्ट्स ड्रिंकमधलं सोडियमही रक्ताच्या मानाने फारच थोडं असतं, त्यामुळे “यात मीठ आहे, कितीही प्या” हे चूक.

नंतरचं सोपं आहे. त्याच दिवशी पुन्हा सराव असेल तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर, तेही काही तासांत विभागून. नसेल तर नेहमीचं जेवण आणि पाणी. मीठ जेवणातून येतंच. ही पेयं आंबट असतात, दिवसभर घोट घोट घेत बसलात तर दातांची झीज होते. एनर्जी ड्रिंक हा निराळा प्रकार आहे, त्यात कॅफीन असतं. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. आणि जुलाब झाले असतील तर स्पोर्ट्स ड्रिंक आणू नका, ओआरएसचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा.