मोटर मेंटेनन्समध्ये नव्याने येताय? आधी डीओएल स्टार्टर पक्का करा

आयटीआय किंवा डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलेली मुलं हल्ली पहिला प्रश्न विचारतात तो पीएलसीचा, म्हणजे मशिन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरचा. "दादा, कुठला क्लास लावू?" मी उलट विचारतो, डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे मोटरला थेट पूर्ण सप्लाय देणारा) स्टार्टरचं कंट्रोल सर्किट कागदावर काढून दाखवशील का? पॉवर सर्किट बहुतेक जण काढतात: तीन फेज, कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की ट्रिप होणारा), मोटर. कंट्रोलला आले की हात अडखळतो. भोसरी-चाकण पट्ट्यात मोटरी आणि पॅनेलं सांभाळताना माझं एक मत पक्कं झालंय. एक मोटर, एक कॉन्टॅक्टर, एक ओव्हरलोड आणि दोन पुशबटणं यात जो मुरला, त्याला पुढचं काहीही जड जात नाही.

सुरुवात नेमप्लेटपासून करा. कारखान्यात रोज दिसणारी मोटर घ्या: ३.७ किलोवॅट म्हणजे ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. हे १४४० कुठून आलं? चार पोलची मोटर आहे, म्हणून १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५००. हा झाला स्टेटरमधल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा वेग. रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. ६० फेऱ्यांचा हा फरक म्हणजेच ४ टक्के स्लिप. रोटरने १५०० गाठले तर त्याच्या बारमध्ये करंट तयार व्हायचं कारणच उरणार नाही, आणि करंट नाही तर टॉर्क नाही. लोड वाढला की रोटर आणखी मागे पडतो आणि करंट वाढतो. एवढं डोक्यात बसलं की बेअरिंग जाम झाल्यावर अँपिअर का चढतात हे पाठ करावं लागत नाही. स्क्विरल केज रोटरची ही रचना दोलिवो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअरने १८८९ च्या सुमारास केली. आजही कारखान्यातल्या बहुतेक मोटरी त्याच तत्त्वावर फिरतात, याचं मला अजून कौतुक वाटतं.

करंटचा ढोबळ हिशोबही तोंडपाठ असू द्या. ४१५ व्होल्टला दर एचपीमागे साधारण १.४ अँपिअर, म्हणजे ५ एचपीला सातच्या आसपास. ओव्हरलोड सेट करताना मात्र आकडा नेमप्लेटवरचाच घ्यायचा.

आता कंट्रोल सर्किट. कॉइल २३० व्होल्टची धरू. फेज निघते ती कंट्रोल एमसीबीतून ओव्हरलोडच्या ९५-९६ वर (ट्रिप झाला की उघडणारा कॉन्टॅक्ट), तिथून लाल स्टॉप बटणावर, मग हिरव्या स्टार्ट बटणावर, मग कॉइलच्या ए१ टोकावर. ए२ न्यूट्रलला. स्टार्टला समांतर कॉन्टॅक्टरचाच एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट, १३-१४. हेच होल्डिंग. स्टार्ट दाबलं की कॉन्टॅक्टर ओढतो, १३-१४ जुळतो आणि बोट काढलं तरी कॉइलला सप्लाय चालू राहतो.

हे होल्डिंग फक्त सोयीसाठी नाही. लाइट गेली की कॉइल सुटते, १३-१४ उघडतो. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कुणाला तरी स्टार्ट दाबावंच लागतं. मधल्या वेळात एखाद्याने अडकलेला जॉब काढायला मशिनमध्ये हात घातला असेल, तर तो हात याच कॉन्टॅक्टमुळे वाचतो. स्टॉप बटण एनसी (एरवी जुळलेलं) असण्यामागेही असाच विचार आहे. बटणाची वायर कुठे तुटली तर मोटर लगेच बंद पडते आणि दोष तिथल्या तिथे कळतो. एनओ असतं तर वायर तुटल्याचा पत्ताच लागला नसता आणि ऐन वेळी दाबून मोटर थांबली नसती. पीएलसीच्या लॅडरमध्ये (प्रोग्रामच्या आकृतीत) पहिल्या दिवशी शिकवतात ते सर्किटही हेच.

सर्किट समजलं की फॉल्ट शोधणं म्हणजे फेज कुठपर्यंत पोचते ते बघत जाणं. चालू सप्लायवर मोजायला सुरुवातीला सीनिअर शेजारी उभा असलाच पाहिजे. मीटरची एक पिन न्यूट्रलवर, दुसरी सर्किटच्या क्रमाने पुढे न्यायची. ९५ वर २३० आहे, ९६ वर नाही: ओव्हरलोड ट्रिप आहे. ९६ वर आहे, स्टॉपच्या पलीकडे नाही: स्टॉपचा कॉन्टॅक्ट किंवा वायर. स्टार्ट दाबून धरल्यावर ए१ पर्यंत येतोय पण कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर आता ए१ आणि ए२ च्या मध्ये मोजा. तिथे २३० दाखवत असेल तर कॉइल जळलीय किंवा कॉन्टॅक्टर जाम आहे. काहीच दाखवत नसेल तर न्यूट्रल तुटलाय. आणि बटण धरलं तर चालते, सोडलं की बंद पडते? मग १३-१४ सोडून दुसरीकडे बघूच नका. फक्त मोजण्याआधी कॉइलवरचा व्होल्टेज वाचा. ११० व्होल्ट एसी, २४ व्होल्ट डीसी, पंपाच्या स्टार्टरमध्ये थेट ४१५ ची कॉइलही सापडते.

ओव्हरलोडबद्दल जरा कडकच सांगतो. एका कारखान्यात ७.५ किलोवॅटचा पंप वारंवार ट्रिप होत होता. प्लेटवर सुमारे १४ अँपिअर. प्रत्येक शिफ्टने डायल थोडी थोडी वर सरकवली, ती १८ वर पोचली आणि एका रात्री वाइंडिंग जळलं. खरा दोष होता कॉन्टॅक्टरच्या एका पोलमध्ये. कॉन्टॅक्ट खाल्ला गेला होता, त्या फेजला करंट नीट जात नव्हता आणि उरलेल्या दोन फेजवर भार येत होता. टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) तिन्ही वायरींवर फिरवला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं. ट्रिप झाला की डायलला हात लावायचा नाही, आधी तिन्ही करंट मोजायचे.

अशी मोटर रिवाइंडिंगला गेली की शक्य असेल तर स्वतः जा आणि ती उघडताना बघा. डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) मोटर एक फेज जाऊन जळली असेल, तर एकाच फेजच्या कॉइली काळ्या पडलेल्या असतात आणि बाकीच्या दोन फेजच्या चांगल्या. स्टारमध्ये (तिन्हींची एकेक टोकं एकत्र जोडलेली) दोन फेजच्या काळ्या आणि एकीच्या चांगल्या. सगळ्याच सारख्या करपल्या असतील, तर बहुतेक ओव्हरलोड किंवा बंद पडलेलं कूलिंग. रिवाइंडिंगवाले हे नजरेने ओळखतात. त्यांच्याकडे घालवलेला वेळ वाया जात नाही.

आता स्टार-डेल्टा स्टार्टर थोडक्यात: मोटर स्टारमध्ये सुरू करायची आणि मग डेल्टावर न्यायची. डीओएलवर मोटर सुरू होताना फुल लोडच्या सहा-सात पट करंट ओढते. स्टारमध्ये लाइनचा करंट डीओएलच्या एक तृतीयांश होतो, पण टॉर्कही एक तृतीयांशच उरतो. म्हणून भरलेला कन्व्हेयर स्टारवर हलत नाही, तेव्हा मोटरला दोष देऊ नका. ओव्हरलोड वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवलेला असेल तर सेटिंग नेमप्लेटच्या ०.५८ पट. आणि सहा वायरी जोडण्याआधी टर्मिनल बॉक्समधल्या पत्र्या काढल्यात ना, हे डोळ्यांनी बघा. डेल्टाच्या पत्र्या तशाच राहिल्या तर स्टारचा कॉन्टॅक्टर ओढताच तिन्ही फेज शॉर्ट होतात.

ड्राइव्हला घाबरू नका, पण घाईही करू नका. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण सांभाळत तो वेग बदलतो. २५ हर्ट्झला मोटर साधारण निम्म्या वेगाने फिरते. तिचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून कमी वेगावर भरलोड चालवली तर ती तापते. पॅरामीटर भरताना आधी नेमप्लेटचे आकडे. सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर सुमारे ५८० व्होल्ट डीसी राहिलेला असतो, त्यामुळे कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांबायचंच. आणि मोटरला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावताना ड्राइव्हच्या वायरी सोडवल्याशिवाय हँडल फिरवू नका, नाहीतर ड्राइव्ह गेलाच.

कुठल्याही मोटरवर काम करताना आयसोलेटरला (सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) कुलूप स्वतःचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. मग मीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, कामाच्या जागी सप्लाय नाही याची खात्री करा आणि मीटर परत चालू पॉइंटवर लावून बघा. मधल्या मधे मीटरच बंद पडला असेल तर तो शून्य दाखवणारच.

सरावासाठी मोटर लागत नाही. जुना २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर, छोटा एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय), दोन बटणं आणि दोन इंडिकेटर प्लायवूडवर बसवा. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा. आधी डीओएल जोडा, मग दुसरा कॉन्टॅक्टर आणून इंटरलॉकसह (दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढू नयेत म्हणून) फॉरवर्ड-रिव्हर्स, मग टायमर. प्रत्येक वायरीला फेरूल (नंबरची छोटी नळी) घाला, नंबर कागदावर उतरवा आणि मित्राला तुमच्या पाठीमागे एक वायर सोडून ठेवायला सांगा. ती कुठली, हे वायर ओढून बघायचं नाही, फक्त मीटरने शोधायचं.